फाटक नसलेली तार

राजोडी,
९ मे २००२

प्रिय केयूरदादा,

तुझं सीमेवरून आलेलं पत्र परवा मिळालं. चार-पाच महिने वाळूत उभे आहात, आणि वर मला लिहितोस की आम्ही बंदुका घेऊन उभे आहोत म्हणूनच समोरचे बोलायला येतील. घरातल्या पहिल्या पदवीधराला शिकवायची तुझी हौस काही जात नाही. कॉलेजात 'शस्त्रांनी शांतता येत नाही' असं वादविवादात बोलून मी चषक जिंकला, तर तू त्यात दाढीचा ब्रश ठेवलास.

वैताग त्याचा नाही. तुझं म्हणणं थोडं खरं निघालं, त्याचा आहे. आपलं बावखल आजोबांनी दोन्ही मुलांच्या वाड्यांना पाणी मिळावं म्हणून खणलं होतं. जगन्नाथकाकांनी त्यात मोठा पंप टाकला आणि उन्हाळ्यात आपल्याला चिखल उरायला लागला. मी त्यांना समजुतीची तीन पत्रं लिहिली; त्यांनी त्यांच्या पुड्या करून मोगरा बांधला. मग दिवाळीच्या रजेत तू आलास, लष्करी बूट घालून दोन दिवसांत काटेरी तार ओढलीस आणि अख्खं बावखल आपल्या बाजूला घेतलंस. बाबा अंगणात छाती काढून चालायला लागले.

आणि फेब्रुवारीत काका आले. तारेपाशी उभे राहून म्हणाले, अक्षदा, बाबांना सांग, पाण्याच्या पाळ्या ठरवू. माझ्या तीन पत्रांना जमलं नाही ते तुझ्या तारेला जमलं. घे, लिहून दिलं.

पण तू तारेला फाटकच ठेवलं नाहीस, दादा. बाबा म्हणतात, तार केयूरने घातली, बोलायचं की नाही ते तोच ठरवेल; आता जगन्नाथ नमलाय तर घाई कशाला? नमलेल्या माणसाला किती महिने उभं ठेवायचं? काकांच्या केळींनी माना टाकल्या आहेत. प्रेमलताकाकू रस्त्यापलीकडून हंडे आणतात, आणि त्यांचा भाऊ म्हणतो, वालीवहून चार माणसं आणून तार उपटतो. मग बाबा कोयता काढणार. तुमच्याकडे तरी कोणी विचार केलाय का, समोरचा बोलायला आलाच तर त्याने यायचं कुठून? मी चेष्टा करत नाही. रेडिओवर बातम्या लागल्या की आई उठून आत जाते.

आज सकाळी बाबा फुलं घेऊन बाजारात गेले, तेव्हा मी पक्कड घेऊन चिंचेजवळची तार कापली. माणूस जाईल एवढीच. हातभर ओरखडे आहेत. काकांना म्हटलं, या. ते आले नाहीत. म्हणाले, पोरी, ज्याने घातली त्याने बोलवायला हवं, नाहीतर तुझा बाप मला चोर म्हणेल. काकूंच्या भावाला त्यांनी महिनाअखेरपर्यंत थांबवून धरलंय. तुझं पत्र यायला अकरा दिवस लागले, तेव्हा हिशेब तूच कर. तार राहू दे हवी तर. फक्त बाबांना दोन ओळी लिही, की काकांना आत घ्या, मी सांगतोय. काकांनी खुर्ची आणून कापलेल्या जागेसमोर मांडली आहे, त्यांच्या बाजूला.

तुझीच, अजून चिडलेली,
अक्षदा