परसामागच्या खडकातला माझा हिस्सा

मी, नंदकुमार धोंडू परब, वय तेवीस, राहणार मुलुंड पूर्व, हे लिहितोय तेव्हा माझं डोकं शाबूत आहे. बिघडलंय ते रक्त. डॉक्टर दिवाळीचा विषय निघाला की दुसरंच काही बोलतात, म्हणून आजच लिहिलेलं बरं. जबरदस्ती करायला एकटा गुणाजीकाका आला होता. हे मृत्युपत्र त्याच्यामुळेच.

१. माझी हातोडी, भिंग आणि होकायंत्र माझा मित्र माणिक याला. माणक्या, होकायंत्र तसंही तुझ्याकडेच असतं. आता परत मागणार नाही.

२. खाटेखालचे दगड आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या रत्नप्रभा मॅडमना. हे कुडाळजवळच्या आमच्या घराच्या परसामागचे. तिथे पट्ट्यापट्ट्यांचा जुना खडक उघडा पडलाय. पट्टे एकदा दुमडले गेले, मग ती घडीच पुन्हा आडवी दुमडली. म्हणजे दोनदा चिरडला गेला तो. कधी, कुठून, कोणी शोधलेलंच नाही यार! दगड फोडायच्या आधी त्यावर उत्तरेचा बाण काढावा लागतो, नाहीतर दाब कुठून आला ते कळत नाही. मी स्केचपेनने काढले होते. गणपतीच्या साफसफाईत आईने भांड्यांबरोबर दगडही काथ्याने घासले. "किती रे मळवलेस! बघ, आता कसे झकास दिसतायत." मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. मॅडम, लॅबमध्ये त्यांचं वय अजून निघेल. दाबाची दिशा गेली.

३. गावच्या जमिनीतला माझा हिस्सा.
काकाला तो खडक खडीवाल्याला द्यायचाय. मोसंबी आणि स्टॅम्पपेपर घेऊन हॉस्पिटलात आला. "दगडाचो जन्मदाखलो कोण इचारता रे नंदू? सय कर आणि मोकळो हो."
मी म्हटलं, "काका, मोकळा तर मी होतोच आहे."
त्याने एक मोसंबं सोललं आणि स्वतःच खाल्लं.
बाण काढून नवीन दगड घ्यायचे तर खडक जागेवर पाहिजे. सुरुंग लावल्यावर कुठली उत्तर आणि कुठलं काय. म्हणून माझा सगळा हिस्सा बहीण शकू हिला. शकू, तुझ्या सहीशिवाय व्यवहार होत नाही. काका आईला रडवेल, तुला लग्नाची भीती घालेल. माणिक तिथे जाऊन नवे दगड घेऊन येईपर्यंत सही करू नकोस.
काल तू विचारलंस, "आणि नंतर, दादा? मला जन्मभर काकाशी नाही भांडायचं."
मी इथे 'कधीच नाही' असं लिहिलं होतं. ते खोडलंय, आणि खोडलंय तिथे सही केली आहे. नंतर तू ठरव.

वरचं सगळं वाचून, समजून सही करतोय. आई बाहेर बाकावर आहे. असल्या कागदाजवळ येणार नाही म्हणाली.

मुलुंड, ९ ऑक्टोबर १९८६
नंदकुमार धोंडू परब

नंदकुमारने आमच्यासमोर सही केली:
१. सहदेव राणे, शेजारी
२. मालन तांबे, वॉर्डातील नर्स