तेराव्या फ्रॉकचा पाव मीटर

मुलचेरा, 20 सप्टेंबर 1985

आदरणीय खुशालभाऊले,

गुनाचा सप्रेम जय भीम. वि. वि. माय बरी आहे. धान पोटरीत आलं, पन बांधाकडचा कोपरा रानडुकराईनं खाल्ला. तू चंद्रपुरात मास्तरकी शिकून राह्यला म्हनून माय साऱ्या गावाले सांगते. मी कोनाले काई सांगत नाई, तुले माईतच आहे.

भाऊ, मी लय फसली. विहारातल्या महिला मंडळाची शिलाई मशीन माह्याकडे आहे ना, तिच्यावर दीक्षेच्या कार्यक्रमाचे पांढरे फ्रॉक शिवाचे आहे. गाणं म्हननाऱ्या पोरी तेरा. मंडळाच्या कमलाबाईनं साडेबावीस मीटर कापड आनून देलं. एका फ्रॉकले पावनेदोन मीटर. पोरगी लहान असो का मोठी, माप एकच, कोनाले कमी कोनाले जास्त नाई, असं मंडळानं ठरवलं. दुकानदार म्हने, तेरा आरामात होते. कमलाबाई म्हने, कापड वाया गेलं त मशीन नथ्थूच्या बायकोले देऊन देऊ.

मशीन गेली त मले वावरात निंदाले जा लागते, बायाईच्या घोळक्यात. तिथी साऱ्याजनी हासते, मले त जबाबच सुचत नाई. मशीनवर बसलं का बोला लागत नाई. मले दुसरं काई येत बी नाई भाऊ.

कापाच्या आंधी हिशोब करून पाह्यला. सहावीत मास्तरनं मले फळ्यावर असाच भागाकार देला होता. मी खडू धरून उभी राह्यली, पोट्टे हासले, दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेली नाई. उलटं करून गुनाचं, एवढं ध्यानात होतं. साडेबावीस म्हंजे पंचेचाळीस छेद दोन, पावनेदोन म्हंजे सात छेद चार. पहिल्याले उलटं केलं, गुनलं, त सात छेद नव्वद आलं. म्हंजे एवढ्या कापडात एक फ्रॉक बी होत नाई. घडीघडी करून पाह्यलं, तेच येते. कापड समोर ढिगानं पडून आहे, पन कैची लावाची हिंमत होत नाई. लवकर लिहिजो.

तुही माया पातळ नोको होऊ देऊ.
गुना

चंद्रपूर, 26 सप्टेंबर 1985

चि. गुणास,

खुशालचा जय भीम आणि आशीर्वाद. वि. वि. तुहं पत्र मेसमध्ये वाचलं आणि एकटाच हासलो. तुह्या हिशोबानं तेरा पोरींच्या नुसत्या रिबिनीच झाल्या असत्या. डोळ्यासमोर ढीग आहे तरी तू कागदाचंच खरं मानते, कमाल आहे.

येडे, ज्यानं भागाचं त्याले उलटं कराचं. ज्याले भागाचं त्याले हात लावाचा नाई. पंचेचाळीस छेद दोन गुणिले चार छेद सात, म्हणजे नव्वद छेद सात, म्हणजे बारा पूर्णांक सहा सप्तमांश. बारा फ्रॉक होतात, सहा सप्तमांश उरते. तेरा होत नाई. कमलाबाईले स्पष्ट सांगून दे. तोंड उघडलं म्हणून कोणी खात नाई.

तुहा शाळेचा पांढरा झंपर तू अजून पेटीत ठेवला, असं माय म्हणत होती. तो घालून तू एक दिवस शाळेत जाशील, मले भरोसा आहे. माही परीक्षा आहे, घाईत लिहून राह्यलो.

मायले जय भीम. आठवण ठेवजो, मी ठेवूनच आहो.
खुशाल

मुलचेरा, 2 ऑक्टोबर 1985

आदरणीय भाऊले,

सप्रेम जय भीम. वि. वि. तू सांगतलं तसे बारा कापले न् शिवले. कमलाबाईले सांगाले गेली, पन दारातूनच वापस आली. मंग मायनं सांगतलं का तेरा होत नाई, सहा सप्तमांश मीटर उरते. कमलाबाई म्हने, ठीक आहे, उरलेलं रविवारी मोजून नेतो. दुकानदार खोटा का गुना खोटी, ते तवा दिसन.

आज मीनं मोजलं. दीड मीटर उरलं. सहा सप्तमांश त एक मीटरच्या बी आत आहे ना? मंग हे जास्तीचं आलं कुठून? मीनं साऱ्या फ्रॉकात थोडं थोडं कापड मारलं भाऊ. बाराच्या बारा तोकडे झाले असन. उसवून मोजू म्हटलं, त रविवारच्या आंधी परत शिवून होत नाई. जेवन जात नाई. माय इचारते त डोकं दुखते म्हनतो.

न् तेरावी पोरगी सोमारी आहे, चैतूची. तिले माय नाई. रोज येऊन खिडकीतून पाह्यते, कोनता फ्रॉक तिचा, ते इचारत नाई. ती बी माह्यासारखीच मुकी. मी मान खाली घालून शिवून राह्यतो.

तुहं पत्र रविवारच्या आंधी येनार नाई. तरी लिहून राह्यली. कोनाले तरी सांगा लागते.

राग नोको धरू.
गुना

मुलचेरा, 7 ऑक्टोबर 1985

आदरणीय भाऊले,

सप्रेम जय भीम. वि. वि. शनवारी उरलेलं कापड रडत रडत घडी करून राह्यली होती. टेपवर पावापावाची खून आहे, त्याच मापानं घडी घातली. सहा घड्या झाल्या. मंग एका फ्रॉकले किती कापड लागते, ते आठवलं. पावनेदोन मीटरच्या पावापावाच्या घड्या घातल्या त सात होते. सातातले सहा आपल्याजवळ आहे. तू लिहिलेले सहा सप्तमांश मीटरचे नोयतेच, ते फ्रॉकचे होते. साडेबावीस मीटरात पाव मीटर नव्वद. सात सात काढत गेलं का बारा फ्रॉक, न् सहा पाव उरते. माहे फ्रॉक तोकडे नाई भाऊ, एक बी नाई.

फक्त एक पाव कमी होता. त्याच्यासाठी सोमारीनं काऊन मांगं राहावं?

मीनं पेटीतून शाळेचा झंपर काढला. पिवळा पडला होता, नीळ घालून धुतला. मंग उसवला, न् त्याच्यातून तेराव्या फ्रॉकच्या दोन बाह्या कापल्या.

काल कमलाबाई आली. तेरा फ्रॉक मोजले, मंग उरलेलं मांगतलं. उरलं नाई, म्हटलं. तिनं तेराव्याच्या बाहीवरून बोट फिरवलं न् इचारलं, हे कापड जुनं कसं? माय बोलाले लागली, त मीनं मायले थांबवलं. टेप घेऊन सातातले सहा कसे, ते मी सांगतलं. पाव पाव मोजून सारं दाखवलं. कमलाबाई म्हने, त्या दुकानदाराले तूच शिकवून ये. जाता जाता मशीनले तेल देत जा म्हने. म्हंजे मशीन इथीच आहे.

सोमारीनं फ्रॉक घालून पाह्यलाच नाई, छातीशी धरून पळाली.

आता झंपर नाई राह्यला भाऊ. शाळेचं तू नोको लिहू. गनित मात्र पाठवत जा. पन उरलेले सप्तमांश कशाचे, ते लिहित जा. त्याच्यापायी चार दिवस माह्या पोटात अन्न नोयतं.

परीक्षा चांगली देजो, न् या येडीवर हासजो.
तुही,
गुना