बायडाबाईंनी पाणी घातलेली भिंत

कसबा बावडा, कोल्हापूर
मे २००४

ती. दाजी,

सप्रेम जयभीम. आक्काचा गुडघा आता कसा आहे? काजूची बोंडं संपायच्या आत चंदगडला यायचं मनात होतं, पण आम्ही इथं भिंतीत अडकलो आहोत. (मी तर खरोखरच अडकलो होतो, ते पुढे येईल.)

ताजी बातमी आधी सांगतो. पश्चिमेची भिंत उभी आहे. ही खात्री मी केलेली नाही, आमच्या लेकीनं, संघप्रियानंही नाही. आज सकाळी खुद्द बायडाबाईंनी भिंतीला खांदा लावून ढकललं, उलथण्यानं खरवडलं, आणि स्वयंपाकघरात येऊन "पडंना की वो ती" असं जाहीर केलं. माझी बायको त्या भिंतीबद्दल उगाच चांगलं बोलणार नाही, तेव्हा बातमी पक्की समजा.

लेक आर्किटेक्ट झाली तेव्हा आपण पेढे खाल्ले. पहिलं घर ती आमचंच बांधणार म्हणाली तेव्हाही खाल्ले. पण घर मातीचं म्हटल्यावर ते घशात अडकले. टेलिफोन खात्यात जन्म काढून मी प्लॉट घेतला तो स्लॅबच्या घरासाठी. बायडाबाई तर कडाडल्याच. "माझ्या आयचं हात भिंती सारवून सारवून गेलं. आन् ही शिकली ती आमाला परत शेणामातीत घालाय व्हय?" संघप्रियानं शांतपणे समजावलं की हिला सारवायचं नसतं, रंगवायचंही नसतं. लाल माती, वाळू आणि थोडं सिमेंट किंचित ओलं करून फळ्यांच्या साच्यात थराथरानं ठोकायचं. भिंत जाड असल्यामुळं उन्हाळ्यात घर थंड राहतं, आणि दगडी जोतं व चार फूट बाहेर आलेलं छप्पर यांच्यामुळं पावसात कोरडं. (छपराचं चित्र बघून तिच्या आईनं विचारलं, "घर हाय का यष्टी स्टँड?") शेवटी तोड निघाली. आधी एकच भिंत उभी करायची. पाण्यानं ती पडली तर मुकाट विटा आणि स्लॅब. मी तटस्थ राहिलो. म्हणजे स्वयंपाकघरात बायकोच्या बाजूनं, प्लॉटवर लेकीच्या.

आता ठोकायला माणसं मिळेनात. गवंडी नकाशा बघायचे, चहा प्यायचे आणि जायचे. तेव्हा जवळच्या तालमीचे सयाजी वस्ताद पुढे आले. "भाऊसो, माती आमच्यावर सोडा. सगळा जल्म तिच्यातच लोळण्यात गेलाय." मला हे इतकं पटलं की संघप्रिया सामान आणायला शाहूपुरीत गेली असताना मी काम सुरू करायला सांगितलं आणि जेवायला घरी आलो. तेवढ्यात वस्तादांनी ढिगाला आखाड्याच्या मातीचा मान दिला. तेल, हळद, लिंबू आणि घागरी भरभरून ताक! पैलवानांनी उत्साहानं माती ठोकायची धुम्मस चालवली, शेजारच्या म्हशी बिथरल्या, आणि फळ्या उघडल्यावर आमची भिंत, जेवण जास्त झालेला पाहुणा बसतो तशी, हळूच खाली बसली. मी पुढ्यातच उभा होतो, गुडघ्यापर्यंत गेलो. वस्ताद मात्र मूठभर माती चोळत खुशीत. "बघा, लोण्यागत झालीया! कुणी पडला तर खरचटायचं न्हाय." दाजी, आखाड्याची माती मऊ राहावी म्हणूनच तर हा सगळा खटाटोप असतो. आपण भिंत बांधतोय, तिच्यावर कुणाला आपटायचं नाही, हे त्यांना सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. (माझ्या यायला हवं होतं, असं दोघी मायलेकींचं या एकाच बाबतीत एकमत आहे.)

संघप्रिया परतली, ढिगाकडं बघितलं, माझ्या पायांकडं बघितलं. मग म्हणाली, "वस्तादकाका, पुन्हा करू. पण ताक फक्त प्यायचं."

दुसऱ्या खेपेला भिंत नीट निघाली. त्याच संध्याकाळी बायडाबाईंनी नळाला पाईप लावला. "बघूया किती दम हाय." मग रोज सकाळ-संध्याकाळ त्या भिंतीवर पाणी मारू लागल्या. लेकीनं भिंतीला गोणपाट बांधलं, पण आईला अडवलं नाही. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "पप्पा, गप्प बसा. सिमेंट असल्यामुळं नवीन भिंत काही दिवस ओलीच ठेवावी लागते. आई नसती तर मला माणूस ठेवायला लागला असता." म्हणजे बायडाबाई जी भिंत पाडायला निघाल्या, ती त्यांच्याच पाण्यानं पक्की झाली.

आक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
भाऊसो

ता.क. खरं काम राहिलंच. रविवारी पुढच्या भिंतीच्या फळ्या सुटणार, आणि बायडाबाईंनी हार मानून पाईप गुंडाळून ठेवला आहे. रोज पाणी मारणं मला कंबरेमुळं जमत नाही. तुमचा शब्द त्या मानतात. तेव्हा "पहिली भिंत चुकून टिकली, दुसरी पाण्यानं नक्की पडेल" असं त्यांना एक खरमरीत पत्र ताबडतोब टाका.

ता.क. दाजी, पाकीट चिकटवाय माझ्याकडंच दिलं हुतं, म्हणून वाचलं. खोटं पत्र लिवाय बसू नगासा. पाणी मी घालणारच हाय. मागल्या बारीला गोणपाट मीच काढून दिलं हुतं पोरीला, ह्यास्नी पत्त्या न्हाय. तिचं पहिलं काम माझ्या दारात पडाय नगं. फकस्त एक करा. सारवाय खरंच लागणार न्हाय का, एवढं तुमी तिला इचारून कळवा. मी इचारलं तर हरल्यागत हुतंय. – बायडाबाई