मागच्या उन्हाळ्याचं पाणी

९ एप्रिल, लातूर
नवं रजिस्टर मिळालं. जिल्हा नवा, शिक्का अजून जुन्याच जिल्ह्याचा. कारकुनाने तो खोडून पानापानावर हाताने ‘लातूर’ लिहिलं. काम : घरोघर जाऊन नारूचे रोगी मोजायचे. नाव, वय, जखम कुठे, किती दिवस अंथरुणावर. ज्या वस्तीत रोग जास्त, तिथे हातपंप आधी. डॉक्टर म्हणाले, “कांबळेबाई, पंपाच्या आधी तुमचा आकडा पोचतो. नीट मोजा.”

१२ एप्रिल
टेकडीमागचं गाव. एस.टी. फाट्यावर सोडते, पुढे चालत. उन्हात गाव दुरून तरंगल्यासारखं दिसतं. बारव फार सुंदर. पायरी उतरावी तसा गारवा अंगावर येतो. तळाला हिरवं, गुडघाभर पाणी, बाया त्यातच उभ्या राहून घागरी भरतात. एक माणूस पाय बुडवून बसला होता, घोट्यातून पांढरा दोरा लोंबत, नारूचा जंत. “पान्यात घातला की आग थांबती, बाई.” त्याला वर आणलं. दोरा काडीवर गुंडाळून दिला. रोज थोडा थोडाच, ओढला की तुटतो.
पाय बुडवला की रोग पाण्यात उतरतो. आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या अंगात तो वर्षभर गप राहतो. म्हणजे आज मी मोजतेय ते सगळं मागच्या उन्हाळ्यातलं.

१३ एप्रिल
गावातली घरं झाली. दर दुसऱ्या-तिसऱ्या घरात कुणीतरी पाय धरून बसलेलं. दुपारी लिंबाखाली रजिस्टर उशाला घेतलं, डोळा लागला. स्वप्नात नांदेडचा घाट, गोदावरी काठोकाठ. जाग आली तर तोंड कोरडं.

१५ एप्रिल
बौद्ध वस्ती. एकही रोगी नाही. दोनदा विचारलं, लेकरांचे पायही पाहिले. शून्य.
उलगडा भागामावशींनी केला. सत्तरीच्या, एकट्या राहतात, वस्तीत त्यांचा शब्द चालतो. “आमाला बारवात कुठं उतरू देत व्हते? आमी नदीच्या झिऱ्याचंच पेत आलो.” वाळूत खड्डा करायचा, पाझरलेलं पाणी वाटीने भरायचं. त्यात नारू नसतो. इतकी वर्षं लांब ठेवलं, आणि त्यामुळेच हे लोक… काय म्हणावं याला.
मग म्हणाल्या, “औंदा झिरा आटला. संक्रांतीपासून आमी बी बारवाचंच भरून राहिलो. आता कुनी आडवत न्हाई.” तांब्या पुढे केला, सोबत गुळाचा खडा. “पे लेकी. माज्या हातानं भरलंय, पायऱ्या उतरून.”
पिशवीत पाणी गाळायचं फडकं होतं, नारू त्यात अडतो. हात गेला नाही. माझ्या आजीला लोक वरून ओंजळीत पाणी घालत. मावशींसमोर त्यांचं पाणी गाळायचं…
प्याले. गार होतं.

१६ एप्रिल
दिवसभर बेरजा. चुकल्या. काल बोलायला हवं होतं. मी प्याले ते एक वेळ राहू दे, पण त्यांना न सांगता उठून आले.

१७ एप्रिल
परत गेले. मावशींना सगळं सांगितलं. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या.
“म्हंजी पानी मिळालं, ते बी…” मग, “तुला म्हाईत होतं, तर तू का पेली?”
“तुम्ही दिलंत म्हणून.”
“येडी हाय का.”
उठल्या, पेटीतलं पांढरं लुगडं काढलं. धुऊन जपलेलं, जयंतीला नेसायचं. मधोमध फाडलं. “दाव कसं गाळायचं ते.”
दुहेरी धरून दाखवलं. बाया जमल्या. ऊन उतरेपर्यंत आम्ही घागरींच्या तोंडाला फडकी बांधत होतो.

२२ एप्रिल, लातूर
आकडे दिले. वस्ती यादीत सगळ्यात खाली. डॉक्टर म्हणाले, “शून्य आहे ना?”
“आजचं शून्य आहे, सर. संक्रांतीपासून प्यालेलं पुढच्या वर्षी निघेल. ते कुठल्या रकान्यात लिहू?”
त्यांनी चष्मा काढून पुसला. “रकाना नाही. शेऱ्यात लिहा.”
शेऱ्याची जागा बोटभर. पुरवणी जोडली, पानभर लिहिलं. त्यांनी खाली सही केली. वर कोण वाचेल, माहीत नाही.

३ मे
पंपांची यादी आली नाही. गावात गेले. मावशी बारवेच्या वरच्या पायरीवर बसलेल्या. म्हणाल्या, “गावातल्या बी दोघी-तिघी फडकं मागून गेल्या. दिलं.”
मग हळूच, “संक्रांतीपासून न गाळता पेलो, त्याचं काय?”
“पुढच्या उन्हाळ्यात कळेल.”
“तुजं बी?”
“माझंही.”
त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या. शेजारी जागा करून दिली. खालून घागरींचे आवाज येत होते. बसले थोडा वेळ. फाट्यावरची गाडी चुकली.