भिंतीतली केबल

शुक्रवार पेठ, सोलापूर
बुधवार दुपार

प्रिय नीला,

हॉस्टेलवर माझं पत्र बघून तू दचकशील. एक दिवसाआड फोनवर बोलणारी अक्का कागद-पेन घेऊन कशाला बसली, असं वाटेल तुला. अगं, मी बोलते तेव्हा फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी कुणी ना कुणी बसलेलं असतं. म्हणून तर भाजी काय केली याच्यापुढे माझं बोलणं जात नाही. आज सगळे अक्कलकोटला बारशाला गेलेत. मला कणकण आहे म्हणून मी मागं राहिले. कणकण नाही. चार वाजता बुद्धप्रिया हे पत्र न्यायला येणार आहे, ती कोण ते सांगते.

दिवाळीत तू आलीस तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरची थिएटरची खोली बघून हरखून गेली होतीस. भिंतीएवढा पडदा, छताला प्रोजेक्टर, चारी बाजूंनी स्पीकर, आणि रबर लावलेलं ते जाड दार. आत कितीही दणदणाट झाला तरी जिन्यात ऐकू येत नाही, हे तुझ्या महेश्वर भावजींनी तुला दोनदा दार लावून दाखवलं होतं. तू गेलीस आणि महिन्याभरात पडद्यावरचं चित्र लुकलुकायला लागलं. साधे चॅनेल नीट दिसायचे, पण फोर-केचा सिनेमा लावला की दर दोन-चार मिनिटांनी चित्र थरथरायचं, पडदा काळा व्हायचा आणि पुन्हा यायचं. हे चादरीच्या व्यापारातल्या मित्रांना मॅच बघायला बोलवायचे आणि नेमकी विकेट पडताना पडदा काळा! दुकानातून माणसं आली. स्टॅबिलायझर बदलला, अर्थिंग नवीन केलं, प्रोजेक्टर पंधरा दिवस पुण्याला जाऊन आला. चित्र तसंच.

मला पहिल्या आठवड्यातच शंका आली होती. टेंभुर्णीला अप्पांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मी दहाव्या वर्षापासून मीटर हातात धरलाय, नंतर डिप्लोमा केला, चिंचोळीच्या कारखान्यात निवडही झाली होती. तुला आठवतं ना, तेव्हाच हे स्थळ आलं आणि अप्पा म्हणाले, नोकरी काय, नंतरही करता येईल. तर मी चहा घेऊन वर गेले होते तेव्हा म्हटलं, 'केबल बघा ना. पंधरा मीटरची आहे, भिंतीतून वळवलीय. साधं चित्र जातं तिच्यातून, जड चित्र पेलत नसेल.' सगळे हसले. हे म्हणाले, 'तू आधी चहात साखर बघ.' मीपण हसले, नीला. आता तेच माझ्या मनाला जास्त लागतं.

फेब्रुवारीत दुकानानं नवीन माणूस पाठवला, आणि दारात उभी कोण? बुद्धप्रिया! पॉलिटेक्निकला माझ्याच बाकावर बसायची ती. पाठीवर हत्यारांची बॅग, स्वतःची स्कूटर. सासूबाई खाली झोपल्या होत्या. मी तिला वर नेलं आणि केबलचं सांगितलं. ती हसली नाही. 'मग बघूया की,' म्हणाली. आम्ही प्लेअर उचलून प्रोजेक्टरखाली स्टुलावर ठेवला, तिच्या बॅगेतली दोन मीटरची केबल थेट जोडली आणि तोच सिनेमा लावला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. चित्र हललं नाही. मग फक्त भिंतीतली केबल परत जोडली, बाकी काहीच बदललं नाही. तिसऱ्या मिनिटाला पडदा काळा. आम्ही दोघी पोरींसारख्या नाचलो गं! कोपऱ्यावरची पट्टी काढली तर आत केबल कागदाच्या घडीसारखी मुडपलेली. दुसऱ्या दिवशी तिनं फायबरची केबल आणली, मी स्टुलावर चढून ती ओढून घेतली. तीन वर्षांत पहिल्यांदा माझे हात मला माझे वाटले.

संध्याकाळी हे आले, चित्र बघून खूश झाले. बुद्धप्रिया सरळ मनाची. म्हणाली, 'दोष वहिनींनीच शोधला. आमच्या दुकानात एक जागा आहे, पाठवता का?' हे हसले, तिला सरबत पाजलं, जिन्यापर्यंत सोडायला गेले. परत आले, मला आत घेतलं आणि ते जाड दार लावलं.

मारलं नाही, नीला. आवाजही चढवला नाही. समोर खुर्ची घेऊन दीड तास शांतपणे विचारत राहिले. घरात काय कमी आहे? परक्या बाईसमोर नवऱ्याला अडाणी ठरवून काय मिळालं? मी 'चुकलं' म्हटलं की म्हणायचे, 'काय चुकलं ते नीट सांग.' मी सांगायची. मग पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी यांनी दुकानात फोन करून त्या बाईला पुन्हा पाठवू नका म्हणून सांगितलं. तेव्हापासून काहीही झालं, म्हणजे मी गच्चीवर जास्त वेळ थांबले, आईशी बोलताना रडवेली झाले, की हे म्हणतात, 'वर चल जरा.' खाली सासूबाईंना वाटतं आम्ही सिनेमा बघतोय. शेजारणींना सांगतात, 'लई हौशी हाय की माझा पोरगा, बायकोला घिऊन बसतोय.' परवा मी जिन्यात पाय ठेवला आणि काही विचारायच्या आधीच माझ्या तोंडून 'चुकलं' निघून गेलं.

येत्या रविवारी आमच्याकडचे सगळे टेंभुर्णीला येणार आहेत. माझ्या धाकट्या दिरासाठी, मंजुनाथभावजींसाठी तुला मागणी घालायला. अप्पांना फोन गेलाय, तुला घरी बोलावतील, कारण सांगणार नाहीत. आणि हे माझ्यामुळं घडतंय. सासूबाईंनी सहज विचारलं, तुझी बहीण कशी आहे, तर मी तुझं इतकं कौतुक केलं, कारण मला वाटलं, तू आलीस तर या घरात बोलायला माझं माणूस होईल. दोन दिवस मी त्या आनंदात होते. मला क्षमा कर. मंजुनाथभावजी वाईट नाहीत. हेही आधी वाईट वाटले नव्हते. बुद्धप्रिया अजून मला मंडईत चोरून भेटते, म्हणते, नीघ तू इथून. मला अजून ते जमत नाही, पण तू इथं आलीस तर मला कधीच जमणार नाही. तुला मागं ठेवून मी कशी निघू? रविवारी मी त्यांच्याच बाजूला बसलेली असेन, नटूनथटून. अप्पा सगळ्यांदेखत विचारतील, 'शिवलीला, तुझं काय मत?' आणि मी हसून म्हणेन, 'नीला आमच्या घरी आली तर मला फार आवडेल.' मला तसंच म्हणावं लागेल. तेव्हा माझ्या तोंडाकडे बघू नकोस. नाही म्हण. अप्पा रागावले, आई रडली, मी स्वतः तुझा हात धरून विनवलं, तरी नाही म्हण.

तुझीच,
अक्का