सोडलं का धरलं

१२ जाने., विष्णुपुरी
कॉलेजच्या गेटापाशी ठेवलेले पहिल्या अंकाचे वीस नग परत आणले. वीसच्या वीस. एकावर कुणीतरी समोसा ठेवला होता. तेवढाच काय तो उघडला गेला.

सुनंदाताईनं तेलाचा डाग बघितला आणि म्हणाली, "चौथ्या अंकापर्यंत बघू, गजा. तोवर एकानं तरी आपणहून मागितला पाहिजे. न्हाई तर बंद."

ती झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर पोरांचे प्रोजेक्ट काढते. मालकाला विचारून उरल्या वेळात खांबवीर, आमची चित्रकथा. चित्रं तिची. फुग्यातलं बोलणं माझं, आणि गावोगाव पोचवणं माझं. आयटीआय सोडलं, गॅरेज सोडलं, हे तरी धरून राहिलो पाहिजे.

खांबवीर मूळ तिच्या वडलांचा. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधल्या पोरांसाठी त्यांनी काढलेला. पडतं छत दोन हातांवर धरून उभा माणूस. चार-पाच अंक निघाले, मग थांबलं. आता पोरीनं परत सुरू केलंय. म्हातारा त्यावर एक शब्द बोलला न्हाई म्हणे.

२३ जाने., मुखेड
बाजारात दहा वाटले. मधेच एका बोअरच्या गाडीपाशी थांबलो, पाणी लागतंय का बघत. दुपार गेली. लागलं न्हाई.

अंक लोकांनी वाचले. तिथंच, उभ्यानं. आणि परत दिले. आमचा खांबवीर शेवटच्या पानावर हात सोडतो ना, तिथं सगळे गार. एक आजोबा म्हणाले, "हे काय बघायचं बाबा. सोडणारे घरी लई हायत."

ताईला कळवलं न्हाई.

२ फेब्रु., औसा
दत्ताच्या कटिंगच्या दुकानात पाच ठेवले. नंबर लावून बसलेली माणसं काहीतरी वाचतातच.

ताईचे वडील, पेंटरकाका, रोज तिथंच बाकावर. फ्लेक्स आल्यापासून बोर्डाची कामं गेली. दत्ताच्या आरशावरची गुलाबाची वेल तेवढी त्यांच्या हातची अजून हाय. मी नमस्कार केला. त्यांनी अंक हातात घेतला, लांब धरून बघितला.

"पाय चुकलेत. वजन धरणाऱ्याचे पाय असे नसतात."

बास. पुढं पेपर वाचत बसले.

२१ फेब्रु., औसा
दुसरा अंक घेऊन गेलो. पहिल्याचे पाची नग पिंजलेले, आणि पाचींचं शेवटचं पान गायब. दत्ता वस्तऱ्याचा फेस कागदाला पुसतो, मला माहीत हाय. जीव गेला. ताईनं त्या पानाला चार दिवस घातले होते.

पण मी काही बोलायच्या आत, दाढीला साबण लावलेला एक जण खुर्चीवरून वळून म्हणाला, "तूच का रे तो अंकवाला? सोडलं का धरलं?"

बाकावरचा दुसरा म्हणाला धरलं असणार, त्याचं कामच हाय ते. साबणवाला म्हणाला, माणूस किती येळ धरंल. दोघांची जुंपली. दत्ता वस्तरा हातात घेऊन उभा.

मी दुसरा अंक पुढं केला. दोघांनी एकदमच हात घातला, पण काकांनी गठ्ठा आपल्याकडं ओढून घेतला, नंबरानं देतो म्हणाले.

ताईला फोन. पलीकडं मशीन थांबलं. मग "खरंच?" एवढंच. परत एकदा, "खरंच?"

१४ मार्च, औसा
मधे नऊ दिवस वाया घालवले. उदगीरचा एक हार्वेस्टरवाला भेटला, त्याच्यासोबत फिरून राहिलो. तिसरा अंक पोत्यात. असाच हाय मी.

दुकानात पाय ठेवला तर दत्ता खेकसला, "कुठं मेला होतास? गिऱ्हाईक मला विचारून विचारून डोकं खातंय." बाकावर जागा न्हाई. एक पूर्ण टक्कल असलेले गृहस्थ बी नंबर लावून बसलेले. शिकवणीच्या दोन पोरी पायरीवरून विचारत होत्या, आम्हाला एक मिळंल का. धरलं म्हणणारे एका बाजूला, सोडलं म्हणणारे एका बाजूला.

दुसऱ्या अंकाचं शेवटचं पान बी गायब.

मुखेडात अंक अख्खे होते. तिथून एक फोन न्हाई. हे डोक्यात यायला नको होतं. आलं.

१७ मार्च, विष्णुपुरी
ताईला असं हसताना बघितलं नव्हतं. पोरींचं, टकल्याचं, सगळं दोनदा सांगायला लावलं. मग मशीनवर कागद लावता लावता म्हणाली, मी कुणासाठी काढते माहीत हाय का तुला.

तिला एक थोरला भाऊ होता. भूकंपात तुळईखाली सापडला. काकांनी ती तुळई दोन हातांवर धरली होती, माणसं येईपर्यंत तरी म्हणून. माणसं यायच्या आधी हात सुटले. ताईचा जन्म त्यानंतरचा. तिला हे आईनं सांगितलं, काकांनी कधीच न्हाई.

"त्यांचा खांबवीर कधीच छत सोडत न्हाई. माझा सोडतो. आणि तरी तो खांबवीरच राहतो. बाबांनी शेवटचं पान एकदा वाचावं, एवढंच."

मी तिला पानांचं सांगितलं न्हाई. तोंड उघडलं होतं.

२८ मार्च, औसा
दत्ताला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा, फेस दुसऱ्या कशाला तरी पूस. तो चिडला. "झेरॉक्सचा कागद फेस घेतो व्हय? पेपरच लागतो." जुन्या पेपरचे तुकडे खिळ्याला टोचलेले दाखवले. मग बाकाकडं बघितलं.

काका एकटेच होते. मी शेजारी बसलो. पानांचं विचारणार, तेवढ्यात त्यांनीच खिशातून चष्म्याचं घर काढलं. आत चष्मा न्हाई. घड्या घातलेले कागद. उघडून उघडून घडीवर मऊ पडलेले.

"काका, ती तुमच्यासाठी..."

"तिला काय माहीत, कसं सुटतं ते," म्हणाले. "जन्मली बी नव्हती."

कागद परत घरात. घर परत खिशात. लपवायला फाडले का ठेवायला, मला कळलं न्हाई. त्यांना तरी कळलं असंल का.

उठताना म्हणाले, "पाय आता बरे काढती."

९ एप्रिल, लातूर स्टँड
चौथ्या अंकाचा गठ्ठा मांडीवर. ताई रविवारी औशाला येणार, वाचणारी माणसं बघायला. "बाबा असतील ना रे दुकानात?" असतील म्हणालो.

शेवटच्या पानावर छत खाली आलंय. खांबवीर ढिगावर बसलाय, रिकामे हात मांडीवर. एकही फुगा न्हाई. माझ्याकडून ताईनं काही लिहून घेतलं न्हाई. तिचं सगळ्यात चांगलं पान.

हे पान लोकांनी बघितलं तर मुखेडसारखं होईल. रविवारी बाकावर कुणी नसंल, आणि ती विचारील, असं का. न बघितलं तर ती विचारील, पान कुठंय. काका तिथंच असतील, चष्म्याचं घर खिशात.

औशाची एक गाडी गेली. दुसरी लागलीय. ताईकडं परत नेणारी नांदेडची बी लागलीय.

एका अंकाचं शेवटचं पान ओढून बघितलं. पिनांपाशी सहज निघतं, आवाज होत न्हाई. पण पहिलं आणि शेवटचं पान एकाच कागदाचं. शेवटचं निघालं की पुढचं बी सैल पडतं.

घडी घालून खिशात ठेवलंय. बाकीचे अजून अख्खे हायत. कंडक्टर औसा औसा करून राहिलाय.