माणिकरावांची चूल

शुक्रवार, २ मे

शिवकन्येचे लग्न बुधवारी. थोरल्या पिंकीच्या लग्नात भावकीतले एक घर रुसले, त्यांच्या मनधरणीत वऱ्हाडाची पंगत उन्हे कलल्यावर बसली आणि पिंकी सासरी अजून त्याचे टोमणे ऐकते. धाकटीला एकही ऐकावा लागता कामा नये!

धोका एकच — चुलतभाऊ माणिकराव. बांधाच्या वादापासून आमचा अबोला.

"त्यांचं आवतन तुमी सोता द्या," पत्नी सविता म्हणाली. "दुसऱ्याच्या हातानं धाडलं की झालंच मग!" अक्षतांची पुडी तिने लाल दोरा बांधून माझ्या हाती दिली.

आवतनाचे शास्त्र खरोखर विलक्षण आहे! उंबऱ्यावर अक्षता ठेवून "चूलबंद या" म्हटले की त्या दिवशी त्या घरची चूल पेटत नाही. लेकराबाळांसह सारे मांडवात जेवतात. अक्षतांवाचून तोंडी सांगितले तर ती केवळ बातमी. वर्गात शिकवताना इतकी नेमकी व्याख्या मला क्वचितच सापडली.

रविवार, ४ मे

माणिकरावांकडे जाऊन आलो. अबोला मीच मोडला आणि उत्साहाने सारे समजावून सांगितले — वरपक्षाची, म्हणजे बोरीकरांची, वाहने कोठे थांबतील, पहिली पंगत कोणाची, वीज गेल्यास जनरेटर कोण सुरू करील. प्रत्येक गोष्ट कारणांसह. त्यांचे लक्ष मात्र माझ्या बोलण्यात नव्हते. नजर सारखी माझ्या हातांवर. काय शोधत होते?

त्यांच्या पत्नी कडूबाई डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्यापाशी येऊन थांबल्या होत्या.

निघताना माणिकराव म्हणाले, "अजून काई राहिलंय का, दादा?"

"माझे काही राहत नसते!"

"बरं."

कडूबाई आत गेल्या. चहासुद्धा विचारला नाही. योजनेतली फट शोधत होता हा मनुष्य, दुसरे काय?

सोमवार, ५ मे

संशय खरा! माणिकराव जनरेटरवाल्या बन्सीधरला भेटून गेले.

"काय म्हणाले?"

"डिझेल पुरंल का, म्हणून इचारलं. लय काळजी हाय म्हणा की त्यांना!" तो हसला. मला हसू आले नाही. जनरेटरला कोणाला हात लावू देऊ नकोस, असे त्याला बजावले.

मंगळवार, ६ मे

अवकाळी पाऊस. कालव्याच्या वळणावर चिखल — आणि नेमका तिथेच माणिकरावांचा ट्रॅक्टर उभा! वाट अडवणार.

बुधवार, ७ मे

लागले! मुहूर्तावर लागले!

वऱ्हाडाची गाडी वळणावर रुतली होती. माणिकरावांनी ती ट्रॅक्टरने ओढून मांडवापर्यंत आणून सोडली. मी चकित. मोठ्या मनाने म्हणालो, "चला, पहिल्याच पंगतीला बसा."

"घरी भाकरी टाकल्यात, दादा."

"आजच्या दिवशी?"

"हां. आजच." त्यांनी ट्रॅक्टर वळवला.

मांडवातून पाहिले — भावकीतल्या एकाही घरावर धूर नाही, फक्त त्यांच्या. सगळ्यांनी पाहिला. "आवतन घेऊन चूल पेटवली व्हय!" भावकीतले आप्पाराव सर्वांसमक्ष म्हणाले. आता डाव कळला. आधी बोरीकरांवर उपकार, मग आमचा उघड अपमान! गाडी ओढली ती त्यासाठीच. लेक सुखरूप सासरी गेली, पण हा धूर मी विसरणार नाही.

गुरुवार, ८ मे

सविताने रविवारचा माझा सदरा धुवायला घेतला. खिसा चाचपला, आणि तळहात माझ्यापुढे उघडला.

पुडी. लाल दोरा सुटलेलाच नव्हता.